शंभर यार्डांचे गिरणगाव

शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकू नये, असा कायदा आपल्याकडे २००३ साली झाला. शंभर यार्ड म्हणजे तीनशे फूट. हे माप ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऐसपैस मैदानाची एखादी शाळा असावी. लालबाग-परळच्या गल्लीत तीनशे फुटांत दोन चाळी, पिठाची गिरणी, देऊळ, बसथांबा आणि पालिकेची शाळा आरामात मावतात.

पण तिथली पानटपरी शाळेसाठी आलेली नव्हती. ती आली गिरणीच्या दरवाजासाठी. १८५६ साली ताडदेवला दावरांची कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे भायखळा, परळ, दादरपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. कापसाजवळ विडी पेटवायची सोय नाही, म्हणून साच्यावरचा कामगार चुन्यात मळलेली तंबाखू दाढेखाली धरी. पाळी सुटली की दारातच विडी आणि चहा.

मुले या सगळ्यात पहिल्यापासून होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. त्याआधी काय चालत असेल ते यावरून समजावे. तान्ह्यांची कथा याहून कठीण. आई पाळीवर गेल्यावर मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली हे नोंदवून ठेवले आहे. त्या आयांना दोष देणे मला जमत नाही. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदासुद्धा मुंबईत १९२९ साली आला.

शाळा मागाहून आल्या. १९२५ साली महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळीच्या कामगारवस्तीत. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मात्र शाळेला जागा मिळाली ती त्याच गल्ल्यांत.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांचे दरवाजे एकेक करून बंद झाले, टपऱ्या राहिल्या. कित्येक टपऱ्यांवर तर काम गेलेला कामगारच बसला. गिऱ्हाईक तेवढे बदलले.

आता ई-सिगारेट पाहा. २०१९ साली देशभर तिची विक्रीच बंद झाली; पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. तरी दक्षिण मुंबईत तिच्यासाठी छापे पडतच राहिले, कारण ती परवडणारी मुले तिथे आहेत. शाळेच्या दाराशी तंबाखूची पुडी विकणाऱ्याला २००३ च्या कायद्याने सांगितलेला दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे खरी, पण विक्री मुलालाच झाली हे दाखवायचे कोणी? तेही त्याच गल्लीत राहून!

टपरी उचलून न्यायची तर जागा हवी. ती मिळण्याची एक संधी आली होती. १९९१ च्या विकास नियमावलीप्रमाणे पुनर्विकासाला निघालेल्या गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मैदाने-उद्यानांसाठी पालिकेकडे यायचा होता, तेवढाच घरांसाठी म्हाडाकडे. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीतल्या फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. इमारती पाडून निघणारी जागा त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्यांच्या फाटकाच्या आत टपरी येत नाही. ती समोरच्या पदपथावर, पालिका शाळेच्या बाजूला उभी असते.