सहाव्या इंद्रियाचा गुप्तहेर

घरात चोरी झाली किंवा गुरू चुकले म्हणजे चौकीकडे जाण्याआधी जाणत्याकडे जाण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. ठाण्याच्या डोंगरपट्टीत भगत तांदळाचे दाणे पाहून सांगतो. कोकणात देवाला कौल लावतात. हाच जाणता युरोप-अमेरिकेत गेला, तेव्हा त्याला ‘अतींद्रिय गुप्तहेर’ असे भारदस्त नाव मिळाले. अशा गुप्तहेरांतील सर्वांत गाजलेला पुरुष म्हणजे पीटर हुरकोस. त्याचे चरित्र पाहिले म्हणजे या धंद्याचे मर्म कळते.

हुरकोस जन्माने डच. 1911 साली डॉर्ड्रेख्ट गावी जन्मला. व्यवसाय घरे रंगवण्याचा. 1941 साली तो शिडीवरून पडला, डोक्याला जबर मार बसला, आणि शुद्धीवर आल्यावर आपणास दिव्यदृष्टी लाभली, असे त्याचेच सांगणे. एखाद्याच्या वस्तूला हात लावताच त्याचे भूत-भविष्य आपल्याला दिसते, असा त्याचा दावा होता.

1950 च्या नाताळात वेस्टमिन्स्टर ॲबीतून स्कॉटलंडचा राज्याभिषेकाचा पाषाण पळवला गेला. हुरकोस लंडनला गेला, आणि पुढे त्या तपासाचे श्रेय त्याने आपल्याकडे घेतले. परंतु ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी पार्लमेंटात सांगितले ते निराळेच: पोलिसांनी त्याला बोलावले नव्हते आणि त्याच्याकडून काही निष्पन्नही झाले नाही. पाषाण 1951 च्या एप्रिलात स्कॉटलंडमध्ये सापडला.

1956 साली हुरकोस अमेरिकेत गेला. 1964 साली बोस्टन शहरातील स्त्रियांच्या खूनसत्रात सरकारी वकिलांच्या कचेरीने त्याचे साहाय्य घेतले. त्याने एका जोडे विकणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले. त्या माणसावर खटला कधीच झाला नाही. पुढे अल्बर्ट डिसाल्व्हो याने कबुली दिली, आणि 2013 साली डीएनए तपासणीने त्या मालिकेतील एका खुनाशी त्याचा संबंध जुळला. हुरकोसला मात्र 1964 मध्येच केंद्रीय तपास खात्याचा अंमलदार असल्याची बतावणी केल्याबद्दल अटक झाली. तरीही त्याची कीर्ती ओसरली नाही. 1988 साली मृत्यू येईपर्यंत गिऱ्हाईक होतेच.

असे का व्हावे? द्रष्टा शंभर गोष्टी सांगतो: पाणी दिसते, पूल दिसतो, पिंपळ दिसतो. खरा गुन्हेगार सापडला म्हणजे त्यांतल्या जुळणाऱ्या दोन आपण लक्षात ठेवतो आणि अठ्ठ्याण्णव विसरतो. म्हणजे द्रष्ट्याचे निम्मे काम श्रोताच करीत असतो. दरवेळी हा मुद्दाम केलेला कावा असतो असेही नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून आगगाडी आपल्या ठाण्यास आली. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडेने आपोआप फिरणाऱ्या मेजांची परीक्षा घेतली. माणसांचे हात आणि मेज यांच्यामध्ये त्याने सरकते पुठ्ठे ठेवले. तेव्हा आधी हात सरकतात आणि मागून मेज, हे सिद्ध झाले. आपण ढकलतो आहोत याचा ढकलणाऱ्यांना पत्ताच नव्हता! प्लँचेटची वाटीही याच न्यायाने चालते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला, असा आरोप एका इंग्रजी साप्ताहिकाने 2014 मध्ये केला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो नाकारला. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही; परंतु ज्याने उभी हयात अंधश्रद्धेशी झुंजण्यात घालवली, त्याच्याच खुनाच्या तपासाबद्दल असा वाद उठावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. 10 मे 2024 रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला, त्यांनी न्यायालयात उभे राहून आरोपी ओळखले होते.

साक्षीदार आणि द्रष्टा यांच्यातील भेद नेमका येथेच आहे. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते: किती अंतरावर होतास? उजेड किती होता? वाटीला किंवा तांदळाच्या दाण्यांना असा प्रश्न विचारता येत नाही. आणि ज्याच्याकडे बोट गेले, त्याने आपला बचाव करावा तरी कोणापुढे? आपल्याच जिल्ह्यात भगताने ‘भुताळी’ ठरवलेल्या बायांनी मार खाल्ला, गाव सोडले. बोस्टनचा तो जोडे विकणारा आणि ही बाई, दोघांचे दुःख एकाच जातीचे.

1853 साली आगगाडी पाहून लोक थक्क झाले, पण पुढे त्यांनी ती शिकून घेतली, चालवली. आश्चर्य वाटणे गैर नाही. परंतु ज्या शब्दावर दुसऱ्याची अब्रू आणि प्राण अवलंबून असतात, तो शब्द प्रश्नाला उत्तर देणारा असला पाहिजे. एवढा आग्रह प्रत्येक नागरिकाने धरला, तरी पुष्कळ निरपराध वाचतील.