पगाराची तारीख आणि रुपयाला आणा

कर्जबाजारी माणसाला काटकसरीचा उपदेश करणे ही आपल्याकडची फार जुनी आणि फार स्वस्त गोष्ट आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, थेंबे थेंबे तळे साचे. हे सांगणाऱ्यांत इंग्रज कलेक्टर होते, शहरी सुधारक होते, गाडगेबाबांसारखे कीर्तनकारही होते. गाडगेबाबांना तसे म्हणण्याचा अधिकार होता, कारण ज्यांना ते सांगत त्यांच्याच गावात आधी हातात खराटा घेऊन राबत. बाकीच्यांच्या उपदेशामागे मात्र एक न तपासलेले गृहीतक असे: गरिबाचे कर्ज त्याच्या हातच्या सैलपणातून येते, तेव्हा हात आखडला की ते फिटते. मुंबईच्या गिरणगावाचा विसाव्या शतकातला इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. तिथल्या घरांत काटकसर भरपूर होती आणि कर्जही भरपूर होते. काही घरांचे कर्ज फिटलेही. पण ती घरे इतरांहून अधिक पोटाला चिमटा घेत होती म्हणून नव्हे. वाचवलेल्या पैशाला त्यांना नेमकी जागा सापडली आणि व्याजाचा दर बदलला, म्हणून ते फिटले.

या वादाची सुरुवात मुंबईत नव्हे, दख्खनच्या पठारावर झाली. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जखते जाळली. उठावाचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, हे तेव्हा अंमलदारांचे आवडते स्पष्टीकरण होते. आयोगाने ते जवळजवळ मोडीत काढले. लग्ने आयुष्यात मोजकीच होतात, कर्जाची मुळे सहसा तिथे नसतात. खाण्यापिण्याच्या वस्तू, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या लहान रकमाच कर्ज फुगवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे 1879 मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, पट्ट्या आणि सरकारी अंमलदारांकडून होणारी पिळवणूक यांच्याकडे बोट दाखवले. आयोग सरकारचा, फुले सरकारचे टीकाकार, तरी शेतकऱ्याच्या चैनीत कर्जाचे मूळ शोधण्यात अर्थ नाही यावर दोघांचे एकमत होते. ही साक्ष उपदेशकांच्या कानावर फारशी गेलेली दिसत नाही.

याच पठारावरची आणि कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली तेव्हा त्यांच्यामागे कर्जही आले, आणि इथे त्याची मोजदाद झाली. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल 1923 मध्ये निघाला. त्यात 2,473 कुटुंबांचा हिशोब आहे. कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत सुमारे 52 रुपये. खर्चापैकी 56.8 टक्के अन्नावर, 7.4 टक्के सरपण आणि दिवाबत्तीवर, 9.6 टक्के कपड्यांवर, 7.7 टक्के खोलीभाड्यावर. किरकोळ खर्चाला साडेअठरा टक्के उरतात. त्यातच औषधपाणी, दाढी, विडी, सणवार आणि प्रवास. आता यात काटकसर करायची कुठे? घरोघरी ती चाललेलीच होती. विटलेल्या लुगड्यांच्या गोधड्या होत, कोळशाच्या भुकटीचे गोळे वळून शेगडीत जळत, रात्रीच्या भाकरीचा सकाळी कुस्करा होई. कोकणातला चाकरमानी गावाहून परतताना तांदूळ, कुळीथ आणि सुकी मासळी बांधून आणी. म्हणजे शहरातल्या पोटाचा काही भार गावातली शेतीच उचलत होती. एकटे पुरुष गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत आणि भाडे वाटून घेत.

तरीही त्या पाहणीत 47 टक्के कुटुंबे कर्जात निघाली, आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईएवढे. परक्या अंमलदाराला कर्जाचा खरा आकडा सांगायला माणूस कचरतो हे ध्यानात घेतले तर वस्तुस्थिती याहून वाईटच असणार. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने 1931 मध्ये हिंदुस्थानभरच्या औद्योगिक कामगारांविषयी लिहिताना निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात असल्याचा अंदाज दिला. कामगार पुढारी ना. म. जोशी त्या कमिशनचे सदस्य होते. व्याजाचा प्रचलित दर म्हणून कमिशनने नोंदवला तो दरमहा रुपयाला एक आणा, म्हणजे सालीना 75 टक्के. पठाण सावकाराचा दर त्याहून चढा असे, आणि पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राही.

या दराचा हिशोब मांडून पाहण्याजोगा आहे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे 130 रुपये धरू. रुपयाला आणा दराने त्याचे महिन्याचे व्याज 130 आणे, म्हणजे 8 रुपये 2 आणे. खोलीचे भाडे चारेक रुपये, कपड्यांचा खर्च पाच. एखाद्या बाईने तेलाची धार बारीक केली, चहा सोडला, नवऱ्याने विडी कमी केली आणि मोठ्या जिकिरीने महिन्याला 8 रुपये 2 आणे बाजूला पडले, असे समजू. वर्षभरात त्या घराने 97 रुपये 8 आणे सावकाराच्या हाती दिले. मूळ मुद्दल तरीही 130 रुपयेच. वर्षभर थेंब साचवूनही तळे कोरडेच राहिले, कारण त्याच्या तळाशी भोक होते. आता एवढेच कर्ज सहकारी पतपेढीतून रुपयाला दीड पैच्या दराने, म्हणजे सालीना सव्वानऊ टक्क्यांच्या किंचित वर, घेतले असते तर पहिल्या महिन्याचे व्याज जेमतेम एक रुपया आणि काही पै झाले असते. उरलेले सात रुपये मुद्दलात गेले असते आणि त्याच 8 रुपये 2 आण्यांत सगळे कर्ज दीड वर्षात संपले असते. दोन्ही घरांची काटकसर पैपर्यंत सारखी. एकाला कर्जमुक्त आणि दुसऱ्याला कर्जबाजारी ठरवणारी गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघरात नव्हतीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लग्ने आणि दारू यांचे काय? आक्षेप पोकळ नाही. दख्खन आयोगाचा निष्कर्ष कुणब्याविषयी होता. मुंबईच्या कामगाराच्या कर्जाच्या कारणांत लग्न आणि मर्तिक वारंवार येतात; मुलीच्या लग्नाला काही महिन्यांची कमाई लागे. गुत्त्यात जाणारा पैसाही खराच, आणि तो बहुधा बायकोच्या हिशोबाबाहेर जाई. पण कर्ज कशाने सुरू झाले आणि कशाने टिकले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लग्नासाठी काढलेले शंभर रुपये सात वर्षांनी शंभरच राहतात ते लग्नामुळे नव्हे. शिवाय ज्यांच्या घरी लग्न नव्हते, गुत्ता नव्हता, त्यांनाही उधारीत ढकलणारी एक व्यवस्था गिरणीच्या आतच होती.

ती म्हणजे पगाराची तारीख. गिरण्यांत पगार महिन्याने होई, आणि तोही पुढचा महिना दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. नवा माणूस एक तारखेला लागला तर पहिला पैसा दिसेपर्यंत सहा आठवडे त्याने खायचे काय? वाण्याच्या वहीवर नाव घालून. त्या वहीत व्याजाचा रकाना नसे. ते चढ्या भावात आणि हलक्या मालात मुरलेले असे. उधारी असल्यामुळे दुसऱ्या दुकानी जायची सोय नाही, रोजच्या रोज चिमूट-चिमूट घ्यायचे असल्यामुळे घाऊक भाव नाही. पगार झाला की वाण्याचे देणे आणि गावची मनीऑर्डर जाऊन हात पुन्हा रिकामा, की पुन्हा वही. पावसाळ्याआधी वर्षाचे मीठ-मिरची-सुकट भरून ठेवणे ही कोकणातली शहाणी काटकसर, पण तिला रोख रक्कम एकदम हाताशी लागते. ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच ती परवडते. आणि बदली कामगार तर रोज सकाळी फाटकावर काम मिळेल की नाही याच चिंतेत. त्याने महिन्याचे अंदाजपत्रक मांडायचे कशाच्या जोरावर? कमिशनने पगार लवकर आणि थोड्या दिवसांच्या अंतराने द्यावा असे सुचवले. 1936 च्या वेतन कायद्याने हजारांहून कमी कामगारांच्या कारखान्यात सात दिवसांत आणि त्याहून मोठ्यात दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक केले. उपदेशाच्या पन्नास कीर्तनांनी झाले नसते एवढे काम या एका कलमाने केले असावे असे माझे मत आहे.

मग रोजच्या लहान सवयी निरर्थक होत्या का? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. दर उतरला तरी हप्ता भरायला दोन रुपये शिल्लक हवेतच, आणि ते सवयीशिवाय पडत नाहीत. प्रश्न ते दोन रुपये टिकवण्याचा होता. दहा बाय दहाच्या खोलीत डब्यात ठेवलेला पैसा आजारपणाला, पाहुण्याला किंवा नवऱ्याच्या हाताला सापडे. 1882 पासून पोस्टात बचत खाते होते, पण अर्ज, सही आणि खिडकीपुढची रांग निरक्षर माणसाला परकीच. गिरणगावाने यावर स्वतःचा उपाय काढला तो भिशीचा. एका खात्यातले किंवा एका गावचे दहा जण पगाराच्या दिवशी प्रत्येकी पाच रुपये काढत. चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल तो पन्नास रुपये नेई. त्यात व्याज नाही, कागद नाही. मुख्य गुण असा की पैसा घरी पोचण्याआधीच बाहेर जाई, आणि न दिल्यास चारचौघांत मान खाली जाई. सुटे दोन रुपये सावकार व्याजात गिळे. एकदम आलेले पन्नास मात्र मुद्दलावर मारता येत किंवा गहाण पडलेली पाटली सोडवून आणता येई. भिशी बुडेही. पहिली उचल घेऊन गावी पसार होणारे निघत, आणि लिलावाच्या भिशीत ज्याला फार नड तोच सगळ्यांत जास्त सूट सोडून रक्कम उचले, म्हणजे व्याज मागच्या दाराने आत येई. म्हणूनच ती ओळखीच्या वर्तुळाबाहेर फारशी वाढली नाही.

तेच तत्त्व कायद्याच्या चौकटीत आणले सहकारी पतसंस्थांनी. 1904 च्या कायद्यानंतर मुंबईत त्या उभ्या राहू लागल्या. ना. म. जोशींनी 1911 मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांत त्यांचा प्रसार केला. 1918 मध्ये निघालेल्या सारस्वत सोसायटीच्या हेतूंतही लग्न, आजारपण आणि कर्जफेड यांसाठी अडल्या कुटुंबाला हात देणे होते. पुढे तिची सारस्वत बँक झाली. पण सोसायटीला जामीन लागत, नियमित पगार लागे. बदलीवाल्याला आणि एकट्या बाईला तिची पायरी चढणे अवघड होते. म्हणजे जे सर्वांत स्वस्त कर्ज, ते सर्वांत गरजूपर्यंत पोचले नाही. सहकाराच्या गौरवाच्या पुस्तकांत ही बाब तळटीपेत जाते. तिची जागा मजकुरात आहे.

या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस मला कामगार वाटत नाही, त्याला जेवू घालणारी खानावळवाली वाटते. एकटे पुरुष तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत आणि पैसे पगार झाल्यावर देत. तोपर्यंतचे तांदूळ, डाळ, रॉकेल तिने वाण्याकडून उधार आणायचे. गिरणीमालक कामगाराचा पगार मागे ठेवी, त्या उशिराचा भार अखेर येऊन पडे तो या बाईच्या वहीवर. पंधरावीस माणसांचे जेवण कमीत कमी सरपणात, एक शीत वाया न घालवता करणारी ही बाई. तिला काटकसर शिकवायला कोण धजावेल? तरी ती सावकाराच्या तावडीत, गळ्यातले बहुधा गहाण. काटकसरीची झळ घरात कोणाला लागते याचे उत्तरही तिच्यापाशीच आहे. कमावत्याच्या ताटातली भाकरी सहसा कमी होत नाही. जी शेवटी बसते तिची होते. ‘घराने वाचवले’ असे म्हणताना हे धरावे लागते.

1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडून दिली. तारण म्हणून दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हते. एकमेकींचा शब्द होता, जसा भिशीत असतो. बँकेच्या पैशातून रोखीने धान्य घेता येऊ लागले, तशी वाण्याची वही आणि तिच्यातले छुपे व्याज सुटले. बायकांचे हात, चुली आणि पहाटे उठण्याच्या वेळा होत्या तशाच होत्या. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि खानावळीची येणी अडकली. अडचणीला म्हणून जपलेली तांब्या-पितळेची भांडी घरोघरी गहाण पडू लागली, आणि काटकसरीला जिच्यावर काम करता येईल अशी मिळकतच उरली नाही.