बझरचा गांधार

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी ५ वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची घोषणा झाली. अशा प्रयोगशाळेत एलईडी लुकलुकवून झाला की विद्यार्थी बहुधा बझरवर धून वाजवण्याकडे वळतात. मायक्रोकंट्रोलरला गाणे ठाऊक नसते; तो बझरचा विद्युतदाब केवळ चालू-बंद करतो. ही उघडझाप सेकंदाला किती वेळा होते, त्यावर स्वर ठरतो.

या युक्तीचा उगम १९५१ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी सिडनीत सीएसआयआरएसी या संगणकावर जेफ हिल यांनी धून वाजवली. तिचे ध्वनिमुद्रण मात्र झाले नाही. मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ चे नशीब जरा बरे होते. चालकाला इशारा देण्यासाठी त्या यंत्राला एक भोंगा होता. भोंग्याची आज्ञा एकदा दिली तर नुसती ‘टक्’ ऐकू येई. तीच चक्राकार दिली तर सूर निघे, हे ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नोंदवले होते. ख्रिस्तोफर स्ट्रेची या शाळाशिक्षकाने त्यावरून ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवून घेतले आणि त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राच्या धूनांची तबकडी केली.

त्या यंत्राचा एक ठोका ०.२४ मिलिसेकंदाचा. दर ८ ठोक्यांनी ‘टक्’ झाली की सुमारे ५२१ हर्ट्झ, दर ९ ठोक्यांनी ४६३. मधला स्वर साध्या चक्रातून निघणेच शक्य नव्हते. गंमत अशी, की हीच उणीव पुढे उपयोगी पडली. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या जॅक कोपलंड आणि जेसन लाँग यांनी ती तबकडी तपासली, तेव्हा यंत्राला वाजवताच न येणारे स्वर तिच्यात ऐकू आले. म्हणजे मुद्रणाचा वेग चुकला होता. शक्य स्वरांचे गणित मांडून त्यांनी तो दुरुस्त केला.

आजच्या १६ मेगाहर्ट्झच्या साध्या बोर्डाला ही अडचण जवळजवळ उरलेली नाही. ३०० हर्ट्झच्या स्वराला दर १६६७ मायक्रोसेकंदांनी दाब पालटावा लागतो. त्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी स्वर ०.२ हर्ट्झनेही ढळत नाही. तरीही शाळेतला बझर यमन वाजवू लागला की गांधार कानाला किंचित चढा वाटतो. दोष यंत्राचा नाही, आयत्या उचललेल्या स्वरतक्त्याचा आहे. तो तक्ता सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून केलेला असतो. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर त्या हिशेबाने गांधार ३०२.४ येतो, तंबोऱ्याशी जुळणारा, ५/४ या गुणोत्तराचा गांधार मात्र ३०० चा. पंचमात हा फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी, म्हणून तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पेटीच्या याच दोषाने सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल अस्वस्थ झाले होते. त्यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि श्रुती-हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला. त्यांना त्यासाठी नवे सूर बसवलेले आख्खे वाद्य हवे होते. आज तक्त्यातले आकडे पुसून तिथे ९/८, ५/४, ३/२ अशी गुणोत्तरे लिहिली की काम भागते, आणि षड्जाचा एकच आकडा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलता येतो.