कानांना जिभा फुटल्या तेव्हा

हा भाग पोफळीहून. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढायच्या आधी लागणारं हे गाव, आणि इथे डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. कोयना मुळात कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेला जाणारी नदी. धरणानं तिला अडवलं, पाणी उलटं पश्चिमेला वळवलं आणि खाली सोडलं. वीज त्यातूनच येते.

अडवायचं आणि उलट वळवायचं. नाथपंथी योगी शरीराबाबत नेमकं हेच सांगत होते. खाली जाणारा अपानवायू मूळबंधानं अडवा, वर वळवा, म्हणजे झोपलेली कुंडलिनी जागी होते. ही तंत्रमार्गातली विद्या, गुरूनं शिष्याला द्यायची. गोरखनाथांकडून गहिनीनाथांकडे, त्यांच्याकडून निवृत्तिनाथांकडे आणि मग ज्ञानेश्वरांकडे.

शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. नेवाशात ज्ञानेश्वर गीतेवर बोलतायत. परंपरेनुसार वय जेमतेम पंधरा. संन्याशाची पोरं म्हणून समाजानं बाहेर ठेवलेलं घर. सहाव्या अध्यायात गीता थोडक्यात सांगते: पाठ, मान, डोकं सरळ ठेवा, नजर नाकाच्या शेंड्यावर. ज्ञानेश्वर मात्र तिथेच थांबतात आणि शंभरेक ओव्या शरीरातच फिरतात. टाच कुठे दाबायची, हनुवटी गळ्याच्या खळगीत कशी रुतते, पोट कसं आत जातं. मग कुंडलिनी दिसते, कुंकवानं माखलेल्या, वेटोळं घालून पडलेल्या नागिणीच्या पिलासारखी. जागी झाली की भुकेली! अंगातलं मांससुद्धा खात सुटते. आणि शेवटी योग्याला नवी कांती, नवे दात, नवी नखं.

म्हणजे काय झालं? साधनेनं त्यांना नुसता विषय दिला नाही, बघायची जागा दिली. शरीराच्या आतून. म्हणून तिथे कोरडी व्याख्या नाही. भूक आहे, उष्णता आहे, हालचाल आहे.

गंमत बघा, मराठी बोल अमृताशीही पैज जिंकतील हा दावा याच सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तिथेच ते म्हणतात की हे बोल ऐकताना कानांना जिभा फुटतील आणि इंद्रियं आपसात भांडतील. इअरफोन लावून ऐकणाऱ्या आपल्यासाठीच जणू!

आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट शेवटी. ते सरळ कबूल करतात की हा नाथांचा गुप्त संकेत आहे, कृष्णानं फक्त इशारा केला होता. मग का उघडलं? तर व्यापाऱ्यानं जाणकार गिऱ्हाईक बघून मालाची घडी उलगडावी, तसं श्रोते बघून उलगडलं, म्हणतात.

आज 'लिहिण्यासाठी तंत्र' म्हणून झटपट उपाय शोधणाऱ्यांना इथे काही मिळायचं नाही. बंध बिंध गुरूशिवाय करून बघूही नका. पण लिहिणाऱ्यानं एक घ्यावं: जे अंगानं कळलंय ते आपल्या बोलीत, समोरच्याला चव लागेल असं सांगायचं. राखून ठेवायचं नाही.

सहावा अध्याय एकदा मोठ्यानं वाचा. भेटू पुढच्या भागात.