उडी मारणाऱ्या माशांचे कोडे

एकाच मादीची अंडी, एकाच दिवशी फुटलेली, पिल्लेही एकाच तळ्यात वाढलेली. तरी काही आठवड्यांनी जाळे ओढले की बहुतेक पिल्ले बारकी आणि चार-दोन मात्र त्यांच्या कितीतरी पट मोठी! कॉमन कार्प (आपल्याकडचा सायप्रिनस) पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जपानमध्ये अशा पिल्लांना 'तोबि-कोइ', म्हणजे उडी मारून पुढे गेलेला कार्प, असे नावच आहे. हीच पिल्ले पैदाशीसाठी राखून ठेवावीत, असे कोणालाही वाटेल. पण त्यांचा मोठेपणा रक्तातला की ताटातला? ताटातला असेल, तर ही सगळी निवड फुकट.

नाकामुरा आणि कासाहारा या जपानी संशोधकांनी १९५५ ते १९६१ या काळात या प्रश्नावर प्रयोगमालाच केली. खाद्याचे कण किती मोठे, खाद्य किती, टाकीत गर्दी किती, हे ते बदलून पाहत. मध्यम आकाराची पिल्ले तेवढी वेगळी काढून वाढवली, तर त्यांच्यातूनही नवे 'तोबि' निघाले. जी पिल्ले एकेकटी वाढवली, त्यांच्यात मात्र असा फरक पडला नाही. म्हणजे सुरुवातीला कोणीतरी जरासे मोठे असते, ते मोठा कण गिळू शकते, म्हणून अधिक वाढते, आणि वाढल्यामुळे पुढचा घासही त्यालाच मिळतो.

मॅग्नसन यांनी १९६२ साली मेडाका या चिमुकल्या माशावर हेच तपासले. अन्न मुबलक असताना दादागिरी करणाऱ्या माशाचा फारसा फायदा झाला नाही. अन्न तोकडे झाले तेव्हा मात्र तोच पुढे गेला.

मग आनुवंशिकतेला काहीच अर्थ नाही का? इथे घाई करू नये. इस्राएलमध्ये मोआव आणि वोलफार्थ यांनी १९७४ साली दाखवले, की कार्पच्या निरनिराळ्या वाणांत मुळातच असलेला वाढीचा फरक, ते वाण एकत्र ठेवले की स्पर्धेमुळे फुगतो. रक्त आणि ताट दोन्ही एकाच तळ्यात असतात, हीच खरी पंचाईत. मोठी मोठी पिल्ले निवडत पाच पिढ्या गेल्या, तरी वाढीचा वेग सुधारला नाही, हेही त्यांनीच १९७६ साली नोंदवले. उलट, लहान पिल्ले निवडली तेव्हा वेग झपाट्याने घटला. याची कारणे त्यांनी आनुवंशिकतेतच शोधली.

एक अडचण उरलीच होती. कोण किती खातो, हे गढूळ पाण्यात मोजायचे कसे? १९८३ साली टॅलबॉट आणि हिगिन्स यांनी खाद्यात लोखंडाची बारीक पूड मिसळली आणि बेशुद्ध केलेल्या माशांचे क्ष-किरण चित्र घेतले. पोटातली पूड दिसली, की घास किती ते कळे, आणि मासाही जिवंत राहत असे! शिक्षकांनी ही युक्ती मुलांना जरूर सांगावी. मोजमापाशिवाय वाद कसा अडतो, ते त्यातून कळते.

नॉर्वेतील ट्रॉम्सो इथे जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी आर्क्टिक चार हा मासा घेतला. खुरटलेली पिल्ले मोठ्यांपासून वेगळी केल्यावर भराभर वाढली. १९९० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. टाकीत बेताचा प्रवाह ठेवला, की मासे प्रवाहाविरुद्ध पोहत राहतात, एकमेकांना चावे घेणे कमी होते आणि वाढही सुधारते.