उकिरडा वेस कोणी बांधली? सुरतेच्या पुरांचा आणि सफाईचा इतिहास



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्यात चमत्कार नाही, उपदेश नाही, नुसती नावांची यादी आहे. यरुशलेमच्या तटाचा हा भाग अमक्याने दुरुस्त केला, त्याच्या शेजारचा तमक्याने. वाचता वाचता डोळे मिटू लागतात. पण सुरतेत राहणाऱ्या माणसाने हा अध्याय एकदा सावकाश वाचावा. पूर आणि रोगराई सोसून हे शहर पुन्हा पुन्हा कसे उभे राहिले, ते त्यातून कळते.

आधी नदीविषयी. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटरचा प्रवास करून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. वाटेत ती आपल्या खानदेशातून जाते. भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी प्रकाशावरून उकाईला आणि उकाईहून सुरतेच्या दिशेने येते. सुरतेतली किती तरी मराठी कुटुंबेही याच वाटेने आली. जळगाव-उधना लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातूनच जातो. लूम कारखान्यांत आणि मिलमध्ये कामाला आलेली आपली माणसे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली. म्हणजे गावाकडचा पाऊस शहरातही आपला पाठलाग सोडत नाही!

पूर या शहराला नवा नाही. 1837 साली आधी मोठी आग लागून हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी पुराने उरलेसुरले धुऊन नेले. 1852 मध्ये नगरपालिका आली, 1877 मध्ये होप पूल बांधला गेला. तापीची पूरपातळी सांगताना आजही याच पुलाचे नाव घेतात. पुढे 1883, 1959 आणि 1968 चे मोठे पूर आले. 1968 च्या ऑगस्टमध्ये नदीला सुमारे 15 लाख क्युसेक पाणी होते.

1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि शहराने सुटकेचा श्वास टाकला. ही सुटका फुकट मिळाली नव्हती, हे आपण विसरू नये. धरणाच्या पाण्यात दीडशेहून अधिक गावांची जमीन गेली आणि तिथल्या लोकांत आदिवासी बांधव मोठ्या संख्येने होते. आपले घर कोरडे राहावे म्हणून दुसऱ्या कोणाचे घर कायमचे बुडाले. उपकारस्तुती करताना हेही आठवले पाहिजे.

धरण बांधले, पण गटारे तशीच राहिली. 1994 च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी आणि पुरानंतर सखल वस्त्यांत पाणी तुंबले. मेलेली जनावरे आणि कचरा दिवसेंदिवस पडून राहिला. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. आता सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला. देशात पन्नासहून अधिक माणसे दगावली, त्यांतली बहुतेक सुरतेतली होती. लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. अनेक खासगी दवाखान्यांना कुलूप लागले. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगारांनी मात्र रुग्णांची सेवा चालू ठेवली. त्या दिवसांत सुरतेहून आलेल्या माणसाला गावातही लोक दाराबाहेर थांबवत.

यानंतर जे घडले ते आपल्या अध्यायाशी जुळते. 1995 च्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवा कायदा आणला नाही की कुठले चमत्कारी यंत्र आणले नाही. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले. रोज सकाळी अधिकाऱ्यांनी कार्यालयात बसण्याआधी रस्त्यावर, गटारापाशी आणि कचऱ्याच्या ढिगापाशी उभे राहायचे, असा नियम झाला. मुख्य रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. घाण ठेवणाऱ्या खानावळींना दंड झाला. बेकायदा बांधकामे पाडताना पैसेवाल्यांचीही गय झाली नाही. झोपडपट्ट्यांत फरशी, गटारे आणि शौचालये आली. तापाच्या रुग्णांची माहिती दररोज गोळा होऊ लागली. 1996 मध्ये इन्टॅक या संस्थेने सुरतेला चंडीगडनंतरचे देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरवले. दोन वर्षांपूर्वी जिथून लोक पळाले होते, तेच हे शहर!

आता नहेम्या 3:14 पाहा. शहरातली घाण ज्या वेशीतून बाहेर टाकत, ती उकिरडा वेस कोणी दुरुस्त केली? एखाद्या गड्याने नव्हे, तर एका जिल्ह्याचा अधिकारी असलेल्या मल्कीयाने. अधिकारी माणूस घाणीच्या जागी उभा राहिला, म्हणून ती वेस उभी राहिली. त्याच अध्यायात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, आणि शल्लूमच्या मुलीही आहेत. फक्त तकोवाच्या सरदारांनी या कामाला मान लावली नाही, आणि पवित्र शास्त्राने तेही नोंदवून ठेवले आहे.

राव दीड-दोन वर्षांत बदलून गेले. काम टिकले का, याची परीक्षा 2006 मध्ये झाली. 7 ऑगस्टपासून उकाईतून सोडलेले पाणी 9 लाख क्युसेकच्या पुढे गेले. राखीपौर्णिमा तोंडावर होती, समुद्राला उधाणाची भरती होती आणि पाण्याला उतरायला वाट नव्हती. शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग बुडाला. लोक वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर दिवस काढत होते. अनेकांचे प्राण गेले. शेतीला आणि विजेला पाणी हवे म्हणून धरण भरलेले ठेवायचे, की पुरासाठी जागा राखायची, हा वाद तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आला. पण एक गोष्ट वेगळी घडली. पाणी ओसरताच चिखल आणि कचरा युद्धपातळीवर उचलला गेला, आणि 1994 सारखी साथ पसरली नाही. पाणी त्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त होते, तरी शहराला या वेळी झाडू कसा धरायचा ते माहीत होते.

मग आज आपण निश्चिंत बसावे का? 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत देशात पहिली आली. आनंदच आहे. पण जुलै 2024 मध्ये आणि पुन्हा जून 2025 मध्ये खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. लिंबायतच्या मिठी खाडीकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. हा पूर उकाईचा नव्हे. शहरावर पडलेला पाऊस अरुंद झालेल्या, गाळाने आणि प्लास्टिकने भरलेल्या खाडीत मावत नाही, आणि समुद्राला भरती असेल तर तो बाहेरही जात नाही. उकाईचे दरवाजे आपल्या हातात नाहीत. खाडीत पडणारी पिशवी मात्र आपल्याच हातातून पडते.

नहेम्याच्या त्या यादीत काही शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते म्हणजे आपापल्या घरासमोर. एकाच्या बाबतीत तर फक्त खोलीचा उल्लेख आहे. मशुल्लामने आपल्या खोलीसमोरचा भाग दुरुस्त केला (3:30). भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांना यात धीर आहे. शहर आपले नाही, आपण कामापुरते आलो, असे म्हणून सुटका नाही. बाबेलात नेलेल्या बंदिवानांनाही यिर्मयाने (29:7) हेच कळवले होते की, ज्या नगरात देवाने तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे.

म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक मंडळीने एवढे तरी करावे. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची यादी करावी, ती फक्त आपल्या सभासदांची नव्हे, तर सगळ्या गल्लीची. पाणी चढले तर कोणाला कोण उचलून आणणार, हे आधीच ठरवावे. तुंबलेल्या गटाराची तक्रार विभाग कार्यालयात लेखी द्यावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. पुराच्या पाण्यातून गेल्यावर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका ओळखून लगेच दवाखाना गाठावा. मंदिराची वरची खोली उघडी ठेवावी. आणि जो सफाई कामगार आपली उकिरडा वेस रोज राखतो, त्याचे नाव आपल्याला माहीत असावे. नहेम्याने नावे लिहून ठेवली, ती उगीच नाही.

हे प्रभू, ज्या नगरात तू आम्हांला आणलेस त्याचे रक्षण कर. धरणाच्या दरवाजांवर आणि गटारांच्या तोंडाशी काम करणाऱ्या सर्वांना सांभाळ. आमच्या घरासमोरचा भाग आम्हांला दाखव, आणि त्या कामाला मान लावायला आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.