आजीव सदस्य

इ. स. 1880 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला पुढची वाट कोणाला विचारावी लागत नसे. मुन्सफी, मामलत, शाळाखात्यातील हुद्दा किंवा वकिलीची सनद यांपैकी एखादे दार त्याला उघडे असे. आणि त्यातले कोणते दार फायद्याचे, याचा हिशेब घरची वडील मंडळी, शिक्षणासाठी कर्ज देणारा सावकार आणि स्थळ पाहून गेलेला मुलीचा बाप या तिघांनी त्याच्या आधीच करून ठेवलेला असे. पेन्शनीत शेवट होणारा हा क्रम मोडून ज्या चार-पाच माणसांनी खाजगी शाळेतील मास्तरकी पत्करली, त्यांची हकीकत स्वार्थत्यागाची कथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. ती खोटी नाही. पण त्या त्यागाचा प्रत्येकाने लावलेला अर्थ निराळा होता, आणि खरी मौज तेथून पुढे आहे.

आरंभ विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. 1874 पासून ‘निबंधमाला’ चालविणाऱ्या या सरकारी शिक्षकाची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली होती. लेखणी आणि सरकारी चाकरी एका हाताने चालत नाहीत याचा अनुभव पुरता येऊन चुकल्यावर त्यांनी 1879 साली नोकरी सोडली. त्यांना येऊन मिळाले ते बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. टिळक त्याच साली वकिलीची परीक्षा उतरले होते, आगरकरांचा एम्. ए. चा अभ्यास चालू होता. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले आणि त्याच वर्षी वामन शिवराम आपटे येऊन मिळाल्यावर शाळेला शिस्तीचा कारभारी लाभला.

या मंडळींत आगरकरांचा निर्णय सर्वांत महाग होता असे मला वाटते. टिळकांच्या घरी पोटापुरते होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या या मुलाने मात्र कारकुनी केली, दवाखान्यात औषधे कालविली, आणि कॉलेजात असताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घातला, असे सांगतात. अशा मुलाची परीक्षा जवळ आली की आईच्या डोळ्यांपुढे मोठ्या पगाराचा आकडा उभा राहणारच. तिला त्यांनी आधीच पत्राने कळवून टाकले की, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी सारा वेळ परहितात घालविणार आहे. त्या माउलीला हे वाचून काय वाटले असेल, याची नोंद ठेवण्याची गरज चरित्रकारांना फारशी भासलेली नाही. 1895 साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फर्गसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असताना, आगरकर वारले. तेव्हा उशाशी स्वतःच्या अंत्यविधीसाठी बांधून ठेवलेली वीस रुपयांची पुडी सापडली, अशी आख्यायिका आहे.

1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, दुसऱ्या वर्षी फर्गसन कॉलेज निघाले, आणि या व्रताला आजीव सदस्यत्वाचे कायदेशीर रूप आले: वीस वर्षे सेवा, आणि वेतन फार तर दरमहा पाऊणशे रुपयांच्या घरात. त्यात 1885 साली पस्तीस रुपयांवर रुजू झालेले गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांच्या शिक्षणासाठी वडील भाऊ गोविंदराव आपल्या पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये पाठवीत. तेव्हा धाकट्याच्या आजीव सदस्यत्वाची पहिली वर्गणी त्या भावाने भरली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग भांडण निघाले. सदस्याने जेझुइट पाद्र्यांप्रमाणे आपला सारा वेळ आणि सारी कमाई संस्थेस अर्पावी, बाहेरचा उद्योग करू नये, हा टिळकांचा आग्रह. संसार वाढलेल्या इतरांना तो जाच वाटे. 1890 साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा कटुता शिगेस पोचली आणि वर्षअखेर टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. गंमत अशी की, व्रताचा कडकपणा ज्यांना सर्वाधिक प्रिय त्यांनीच ते व्रत आधी सोडले. पुढे कायद्याचा वर्ग आणि लातुरास भागीदारीतला कापसाचा जिन यांवर प्रपंच चालवून ते ‘केसरी’त रमले. आगरकरांनी तर 1888 सालीच ‘सुधारक’ काढला होता. आपट्यांनी शाळा-कॉलेजचा व्याप सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश रचला. गोखल्यांच्या अंकगणिताने पुढे वर्षानुवर्षे उत्पन्न दिले. तात्पर्य, एकाच नेमाने बांधून घेतलेल्या या माणसांना ज्याची त्याची आवड आपापल्या बाजूस ओढीतच राहिली.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी मुंबईत शाळाशाळांतून गणित शिकवून पोट भरणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायास, धोंडो केशव कर्व्यांस, पत्र लिहिले. 1891 अखेर कर्वे आले. ते टिळकांच्या तोडीचे गणिती नव्हते, आणि त्यांचा जीवही गणितात नव्हता. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले, 1896 साली त्यांनी अनाथबालिकाश्रम काढला आणि चार वर्षांनी तो पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत नेला. त्यानंतर कॉलेजातले तास संपले की आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन चिखलाच्या रस्त्याने ते पायी हिंगण्यास जात, तेथे मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा फर्गसनच्या वर्गात उभे राहत.

हा बाहेरचा उद्योग नव्हे तर काय? ज्या नियमापायी टिळक बाहेर पडले, तो जर 1890 साली मान्य झाला असता, तर त्यांच्याच जागेवर आलेल्या माणसाला कॉलेज किंवा हिंगणे यांतून एकाची निवड करावी लागली असती. आणि कर्व्यांचा स्वभाव पाहता, 1914 पर्यंत ज्या कॉलेजात त्यांनी गणित शिकविले ते त्यांनी पहिल्या दोन-चार वर्षांतच सोडले असते, याविषयी मला शंका नाही.